ख्वाजा युनूस बेपत्ता प्रकरण

ख्वाजा युनूस हे मराठवाड्यातील परभणी येथील अभियंता होते. जानेवारी २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या ताब्यात असताना, वयाच्या २७ व्या वर्षी ते बेपत्ता झाले. ते पळून गेले, असे पोलिसांचे मूळ म्हणणे होते. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात मात्र त्यांचा मृत्यू कोठडीत झाल्याचा निष्कर्ष निघाला. त्यांचा मृतदेह सापडलेला नाही.

पार्श्वभूमी

२ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपर येथे बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. दुबईत नोकरी करणाऱ्या युनूस यांना या स्फोटाच्या संशयावरून २५ डिसेंबर रोजी अटक झाली. त्यांच्यावर दहशतवाद प्रतिबंधक कायदा अर्थात 'पोटा' लावण्यात आला.

परस्परविरोधी वृत्तांत

पोलिसांच्या फिर्यादीनुसार, ७ जानेवारी २००३ रोजी त्यांना औरंगाबादकडे नेत असताना अहमदनगर जिल्ह्यातील पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि ती संधी साधून ते निसटले. याउलट, ६ जानेवारी रोजी कोठडीत त्यांना अमानुष मारहाण झाली व त्यांनी रक्ताची उलटी केली, असे एका सहआरोपीने न्यायालयात सांगितले.

तपास

कुटुंबीयांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर तपास गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. अपघाताचा वृत्तांत बनावट असल्याचे या विभागाचे मत झाले. विभागाने १४ पोलिसांवर खटल्याची शिफारस केली. तथापि लोकसेवकावर कर्तव्यासंबंधी खटला भरण्यास शासनाची पूर्वपरवानगी लागते. शासनाने ती केवळ चौघांपुरती दिली. त्यांपैकी सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांना २००४ मध्ये निलंबित करण्यात आले. आरोपींनी आरोप नाकारले आहेत.

न्यायालयीन वाटचाल

घाटकोपर खटल्यातील सहआरोपींची २००५ मध्ये निर्दोष सुटका झाली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने युनूस यांच्या मातोश्रींना एकूण २० लाख रुपये भरपाई मंजूर केली. हत्येच्या खटल्यात पहिल्या साक्षीदाराची साक्ष २०१८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर पंधरा वर्षांनी नोंदवली गेली. त्याने आणखी चार पोलिसांची नावे घेतली. जून २०२० मध्ये वाझे यांना सेवेत परत घेण्यात आले, तेव्हा मातोश्रींनी न्यायालयाच्या अवमानाची याचिका दाखल केली. २०२१ मध्ये अन्य एका प्रकरणातील अटकेनंतर वाझे यांना बडतर्फ करण्यात आले.

कायदेशीर महत्त्व

२०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार, सात वर्षे ज्याची खबर त्याच्या निकटच्यांना मिळाली नाही, ती व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरता येत असे. परंतु अशा गृहीतकाने मृत्यूचे कारण अथवा त्याची जबाबदारी ठरत नाही. मृतदेह नसल्याने शवविच्छेदन होत नाही आणि सारा भार साक्षीदारांच्या जबानीवर व परिस्थितिजन्य पुराव्यावर पडतो. ताब्यातील व्यक्तीच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व शासनाचे असते, हे तत्त्व या प्रकरणातील भरपाईच्या आदेशामागे आहे. कुटुंबाला भरपाई मिळाली. दफनविधी मात्र करता आलेला नाही.