पालघरचा किनारा आणि प्रशासनाचा कायदा

कायद्याच्या पदव्युत्तर परीक्षेसाठीं प्रबंध लिहूं पाहणारा विद्यार्थी प्रशासकीय कायदा हा विषय निवडतो, तेव्हां त्याची पहिली धांव ग्रंथालयाकडे असते. निवाड्यांचे खंड उघडावयाचे, त्यांतून पंचवीस-तीस उतारे जमवावयाचे, आरंभीं डायसीचें नांव व अखेरीस चार सूचना घालावयाच्या, कीं प्रबंध सिद्ध! असे प्रबंध पुष्कळ होतात आणि कपाटांत विसांवतात. वस्तुतः हा कायदा न्यायालयांत फार थोडा राहतो. त्याचा खरा संसार कचेरींत. अधिसूचनेंत, परिपत्रकांत, समितीच्या इतिवृत्तांत. तेथें त्याचा माग काढावयाचा असेल, तर मुंबईच्या उत्तरेस पश्चिम रेल्वेच्या वाटेवर असलेल्या पालघर, बोईसर व तारापूर ह्या टापूइतका समृद्ध प्रदेश महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल.

डायसीनें १८८५ मध्यें, इंग्लंडांत असा निराळा कायदा नाहींच, असें अभिमानानें सांगितलें. फ्रान्समध्यें सरकारी अधिकाऱ्यांविरुद्धचे तंटे वेगळ्या न्यायसभेपुढें चालत, आणि ही रीत त्याला इंग्रजी स्वातंत्र्याशीं विसंगत वाटे. परंतु १९२९ मध्यें खुद्द इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट ह्यांनीं, खात्यांच्या हातीं गेलेल्या नियम करण्याच्या सत्तेविरुद्ध ग्रंथ लिहिला. डायसीचा अभिमान किती पोकळ होता, तें तेव्हां उघड झालें.

आपल्याकडे ह्या शास्त्राला धार आली ती १९६९ मध्यें, क्रैपक ह्यांच्या खटल्यांत. वनसेवेसाठीं उमेदवार निवडणाऱ्या मंडळावर एक उमेदवार स्वतःच सभासद म्हणून बसला होता! सर्वोच्च न्यायालयानें ती निवड रद्द केली, आणि काम न्यायदानाचें असो वा निव्वळ कारभाराचें, अधिकाऱ्यानें न्याय्य रीतीनेंच वागलें पाहिजे, असें तत्त्व घालून दिलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तारापूरचें अणुविद्युत् केंद्र चालूं झालें. चिमाजी अप्पांच्या सैन्यानें १७३९ मध्यें घेतलेल्या किल्ल्यामुळें मराठी घरांतून ठाऊक असलेलें हें नांव आतां निराळ्याच कारणानें जगाच्या कानीं गेलें.

ह्या केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं गांवें उठलीं. ५४० मेगावॅटचे हे दोन संच २००५ व २००६ मध्यें चालूं झाले. पुनर्वसनाचा वाद मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढला. त्या काळीं जमीन घेण्याचा कायदा १८९४ चा. मूळ कायद्यांत, जमीन घ्यावी कीं न घ्यावी, ह्याविषयीं मालकाचें म्हणणें ऐकण्याची तरतूदच नव्हती. ती १९२३ मध्यें कलम ५-अ म्हणून आली. आणि तातडीचें कलम लावलें, कीं तीही गळून पडे. उठलेल्या गांवकऱ्यास कोणत्या टप्प्यावर, कोणापुढें, किती वेळ बोलतां आलें, हा प्रश्न निवाड्यांच्या खंडांतून पुरता सुटत नाहीं. त्यासाठीं गांवचे कागदच काढावे लागतात.

ह्या टापूंतील सर्वांत अपूर्व वस्तु मात्र शेजारच्या डहाणू तालुक्यांत आहे. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं एक अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजुक ठरविला. उद्योगांसाठीं साऱ्या तालुक्यांत ५०० एकरांची मर्यादा घातली, आणि तालुक्याभोंवतीं २५ किलोमीटरचा पट्टा आंखला. ह्या पट्ट्याची छाया अर्थातच बोईसर-तारापूरवर पडली. अधिसूचना कागदावरच राहते असें पाहून एक पर्यावरणप्रेमी संपादक बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयांत गेले. न्यायालयानें ३१ ऑक्टोबर १९९६ रोजीं, निवृत्त उच्च न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालीं एक स्वतंत्र प्राधिकरण नेमावें, अशी आज्ञा केली. त्याच डिसेंबरांत डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वांत आलें. सर्वोदयी विचारवंत दादा धर्माधिकारी ह्यांचे चिरंजीव न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष झाले, आणि जानेवारी २०१९ मध्यें निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले.

ही संस्था सत्तेच्या कोणत्या शाखेची, हें सांगणें सोपें नाहीं. जन्म न्यायालयाच्या आज्ञेनें. नेमणूक सरकारच्या अधिसूचनेनें. काम अंशतः देखरेखीचें, अंशतः निवाड्याचें. आणि सभासदांत निरनिराळ्या शास्त्रांचे तज्ज्ञ. डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रास धुरांतील गंधक काढण्याचें यंत्र बसवावें, असा हुकूम ह्या प्राधिकरणानें १९९९ मध्यें दिला. यंत्र चालूं झालें तें २००७ मध्यें. हुकूम आणि अंमल ह्यांतील हीं आठ वर्षें हाच एखाद्या चांगल्या प्रबंधाचा विषय होय.

त्याहूनही मोठी कथा वाढवणची. तारापूरच्या उत्तरेस, डहाणू तालुक्यांतील ह्या किनाऱ्यावर मोठें बंदर बांधण्याची योजना प्रथम १९९० नंतरच्या दशकांत निघाली. १९९८ मध्यें प्राधिकरणानें, असें बंदर अधिसूचनेखालीं सर्वथा अग्राह्य आहे, असा निर्णय दिला. योजना बासनांत गेली. पुढें जवाहरलाल नेहरू बंदर व महाराष्ट्र सागरी मंडळ ह्यांनीं ती पुन्हां हातीं घेतली, आणि ३१ जुलै २०२३ रोजीं त्याच प्राधिकरणानें तिला अटींसह संमति दिली.

मधल्या काळांत काय झालें? अध्यक्ष बदलले, हें खरें. योजनेचें स्वरूपही बदललें. परंतु कायद्याच्या विद्यार्थ्यानें नजर ठेवावयाची ती एका शांतपणें झालेल्या फेरफारावर. २०२० मध्यें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें वर्गीकरण बदलून बंदरांना उद्योगांच्या लाल यादींतून बाहेर काढलें. लोकसभेंत त्यावर चर्चा झाली नाहीं कीं नवा कायदा झाला नाहीं. अधिसूचनेंतील "उद्योग" हा शब्द जागच्या जागीं राहिला, आणि त्याच्या पोटांत काय मोडतें तेवढें बदललें. ह्यूअर्टला ज्याची भीति वाटे, तें ह्याहून निराळें नव्हतें. किनाऱ्यावरच्या मच्छीमारास तर असें कांहीं झालें आहे, हें कळावयासही उशीर लागावा!

विरोधकांचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें एप्रिल २०२४ मध्यें फेटाळले. वाद पुढें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दरम्यान ७६,२२० कोटी रुपयांच्या ह्या बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें बसली. अशा वादांत न्यायालय साधारणतः निर्णयाचें शहाणपण जोखीत नाहीं. अधिकार होता काय, ऐकून घेतलें काय, कारणें दिलीं काय, एवढेंच पाहतें. ही मर्यादा तत्त्वतः योग्यच आहे. पण मग तज्ज्ञांच्या निष्कर्षांची झडती घ्यावयाची कोणीं, हा प्रश्न उरतो, आणि मच्छीमारांच्या दृष्टीनें सारा खटला तेवढाच असतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची कथा थोडक्यांत उरकतां येते. सांडपाण्यानें खाड्या व समुद्र नासले, ह्या तक्रारीवर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली, आणि जानेवारी २०२२ मध्यें कारखाने व सामायिक शुद्धीकरण केंद्र ह्यांच्यावर भरपाई लादली गेली. मासेमारी करणाऱ्या एका समाजानें रसायनांच्या कारखान्यांकडून हा निकाल मिळवावा, ही गोष्ट लहान नव्हे. भरपाईचा आंकडा तज्ज्ञ समितीनें कोणत्या हिशेबानें काढला, हें तपासणारा विद्यार्थी मात्र अद्याप पुढें यावयाचा आहे.

अशा अभ्यासाला २००५ च्या माहितीच्या कायद्यानें मोठी सोय करून दिली आहे. निर्णयाचीं कारणें बाधित माणसास कळविणें, हें त्याच्या चौथ्या कलमानें प्रत्येक कचेरीचें कर्तव्यच ठरविलें आहे. एक अडचण सांगून ठेवावयास हवी. पालघर हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. त्यापूर्वींचा सारा कारभार ठाणें जिल्ह्याच्या नांवें चालला. म्हणून पोफरणच्या जमिनीचा माग काढणाऱ्यास बोईसरला उतरण्यापूर्वीं बहुधा ठाण्याची गाडी धरावी लागेल.