दहा राग आणि डिस्कोचा ठेका

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही चरणजीत सिंह यांची तबकडी. ध्वनिमुद्रण १९८२ साली मुंबईत झाले व एचएमव्हीने ती काढली. देवासच्या कुमारजींचे गाणे ऐकत वाढलेल्या टावर चौकातल्या आपल्या मंडळींना राग आणि डिस्को हे शब्द शेजारी पाहून हसू येईल. आम्हालाही आले होते.

चरणजीत सिंह हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. राहुलदेव बर्मन यांच्याकडेही त्यांनी साथ केली. त्या काळात चित्रपटांत डिस्कोची चलती होती. त्यांना वाटले, ठेका डिस्कोचा घ्यावा, तबल्याला सुट्टी द्यावी आणि वर राग वाजवावा. त्यासाठी त्यांनी जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे जुळवली : ठेक्याला टीआर-८०८, खालच्या सुरांच्या साथीला टीबी-३०३ आणि राग वाजवायला ज्युपिटर-८. भैरवी, ललित, तोडी, यमन, मालकंस असे एकूण दहा राग, प्रत्येकी साधारण पाच मिनिटे. बडा ख्याल ऐकणाऱ्याची एवढ्यात बैठकही जमत नाही, हे मान्य.

खरी गंमत टीबी-३०३ मध्ये आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून केलेले हे लहानसे यंत्र. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात होती, म्हणजे आपल्या मींडेच्या जवळची. शिवाय रागाला पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलावे लागत नाहीत, सारे एका षड्जावर उभे असते. त्यामुळे यंत्राची तीच ती फिरत राहणारी साथ रागाखाली खटकत नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्युचर' या गटाने याच यंत्रावर 'ॲसिड ट्रॅक्स' केले आणि 'ॲसिड हाउस' नावाचे नाचाचे संगीत जगभर पसरले. मुंबईत तसाच नाद पाच वर्षे आधी निघाला होता, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

तबकडी मात्र खपली नाही. २००२ साली ती एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती लागली, आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींना ती अलीकडे कोणी केलेली थट्टाच वाटली, इतकी ती आजची वाटत होती. सत्तरी ओलांडल्यावर चरणजीत सिंहांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

सभासदांच्या घरी माळ्यावर एचएमव्हीच्या तबकड्या अजून असतील. कबाडीवाल्याला देण्यापूर्वी वेष्टनावरचे नाव वाचावे. बदलीच्या वेळी आम्ही एक पेटी न उघडताच देऊन टाकली. बँकेत जन्मभर याद्या केल्या, त्या पेटीची तेवढी केली नाही.