परतलेले चौघे



डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून गेले आहे. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर चीनमध्ये रुग्णसेवेसाठी गेला आणि तिथेच देह ठेवून अमर झाला, एवढे तरी शाळेच्या पुस्तकातून किंवा व्ही. शांतारामांच्या चित्रपटातून आपल्यापर्यंत पोचलेले असते. पण ते एकटे गेले नव्हते. पाच जण गेले होते आणि चार परत आले. त्या चौघांची नावे सांगा, असे म्हटले तर आपल्यापैकी किती जणांना ती सांगता येतील? त्यांतला एक तर आपल्या बेल्याहून महामार्गाने एका दिवसात जाऊन येता येईल अशा नागपूरचा होता. या वर्षीच्या लेखासाठी मी हे परतलेले चौघे निवडले आहेत. परदेशी सेवेला जाऊन आलेली माणसे इथे नव्याने आयुष्य मांडताना एकमेकांशी आणि त्या दूरच्या भूमीशी कशी जोडलेली राहिली, आणि कुठे तुटली, हा माझा विषय आहे.

आधी थोडा पूर्वेतिहास. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी जाहीर आवाहन केले. देशभरातून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि एक रुग्णवाहिका मिळाली. आपला देश स्वतःच पारतंत्र्यात असताना दुसऱ्याच्या घरची आग विझवायला माणसे पाठवण्याचा हा निर्णय होता, हे विसरू नये.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन अटल. ते स्पेनच्या यादवी युद्धात वैद्यकीय सेवा करून आलेले होते. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, वयाने पथकात सर्वांत ज्येष्ठ. कलकत्त्याहून डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी आले. पाचवे कोटणीस, वय अठ्ठावीसच्या आत, मुंबईत वैद्यक शिकून पुढच्या शिक्षणाच्या तयारीत असलेले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. कँटनच्या धक्क्यावर त्यांच्या स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग आल्या होत्या. पुढे हांकौ, चुंगकिंग असा पल्ला गाठत फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. चुंगकिंगच्या मुक्कामातच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. तरीही ते मागे फिरले नाहीत.

या प्रवासात एक गोष्ट घडली, ती पुढे फार उपयोगी पडली. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हा शब्द होता. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले को-ति-हुआ, बसू झाले बा-सु-हुआ, चोळकर झाले चुओ-को-हुआ. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलते, संन्यास घेतल्यावर बदलते. म्हणजे नवे नाव देताना आपण त्या माणसाला एका नव्या नात्यात घेतो. पाच अनोळखी माणसांना एकच शेवट असलेली नावे मिळाली, ती जणू एका घरातली झाली.

पण हे घर लवकरच पांगले. चोळकर वय आणि प्रकृती यांमुळे १९३९ सालीच परतले. मुखर्जींना मूत्रपिंडाच्या विकाराने परतावे लागले. अटल १९४० मध्ये आले. मागे राहिले बसू आणि कोटणीस. बसू येनानला होते, तर कोटणीस तिथून दूर, जपानी सैन्याने वेढलेल्या सीमाप्रदेशात. तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते जानेवारी १९४१ मध्ये प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. तेव्हा त्यांचे वय ३२ होते आणि मूल साडेतीन महिन्यांचे. पुढच्या वर्षी बसू एकटेच भारतात परतले.

आता परतलेल्यांच्या बाजूने पाहा. १९३९ ते १९४३ या काळात ते कोणत्या देशात परतले? सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटले, काही आठवड्यांत काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मग वैयक्तिक सत्याग्रह आणि बेचाळीसची चळवळ आली. ज्यांनी त्यांना पाठवले ते बोस १९४१ मध्ये देशाबाहेर निसटून गेले, आणि पुढे ज्या जपानशी लढणाऱ्यांची शुश्रूषा या पथकाने केली त्याच जपानच्या मदतीने लढू लागले. नेहरू तुरुंगात होते. बसू कलकत्त्याला आले ते बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने चीनकडचा रस्ता बंद होता, टपालाचा भरवसा नव्हता. ज्यांच्या निरोपासाठी मुंबईत सभा भरली होती, त्यांचे अनुभव ऐकायला निवांत बसेल असा श्रोता उरला नव्हता. निघताना साऱ्या देशाने हार घातले. परतताना ज्याने त्याने आपापला दवाखाना पुन्हा उघडायचा होता.

अशा वेळी धागा तुटणे हीच साधी, सोपी गोष्ट होती. तो टिकला यात मोठा वाटा बसूंचा. त्यांनी परतल्यावर जे सांगितले त्याच्या आधारे ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यावरून १९४६ मध्ये शांतारामांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आला. म्हणजे आपल्याला कोटणीस माहीत आहेत ते एका परतलेल्या सहकाऱ्याने सांगितले म्हणून. पण पुस्तकाचे नाव पाहा: आणि एक परत आला नाही. जो आला नाही त्याच्यावर सारा उजेड पडला. जे आले ते सांगणारे ठरले, सांगितले गेले नाहीत. यात कोणाचा दोष नाही. मृत्यू गोष्टीला शेवट देतो. परतलेल्याच्या गोष्टीला शेवट नसतो, ती दवाखान्यात, संसारात, रोजच्या धावपळीत विरून जाते.

बसूंनी मात्र ती विरू दिली नाही. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले आणि तिथून ॲक्युपंक्चर, म्हणजे सुया टोचून उपचार करण्याची चिनी विद्या शिकून आले. कलकत्त्यात त्यांनी ती वापरली आणि इतरांना शिकवली. इथे मला या साऱ्या हकिगतीतली महत्त्वाची गोष्ट दिसते. नुसत्या आठवणीवर संबंध फार काळ टिकत नाही. त्याला रोजचे काम लागते. १९६२ च्या युद्धानंतर चीनचे नाव काढणेही अवघड झाले, तेव्हा सभा-समारंभ थांबले. पण हातातली विद्या थांबली नाही. १९७० च्या दशकात कोटणीस स्मारक समितीचे काम बसूंच्या पुढाकाराने पुन्हा उभे राहिले. १९७५ मध्ये दूर लुधियान्यात कोटणीसांच्या नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय निघाले. १९८६ मध्ये बसूंची चीनमधली रोजनिशी पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी ते गेले.

तिकडे ग्वो छिंगलान यांनीही आपले टोक सोडले नाही. यिनहुआ डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर १९६७ मध्ये, पंचविशीतच वारला. नात्याचा रक्ताचा दुवा तिथे संपला. तरी ग्वो पुढेही भारतात येत राहिल्या, कोटणीसांच्या भावंडांकडे सुनेच्या हक्काने उतरत राहिल्या. २०१२ मध्ये त्या गेल्या. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला भेटत. २००६ मध्ये अध्यक्ष हू जिंताव यांनीही मुंबईत ही भेट घेतली. शीजियाझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे. अटलांची समाधीही तिथेच आहे. परतलेला पथकप्रमुख शेवटी आपल्या माणसाच्या शेजारी जाऊन विसावला.

आणि चोळकर? पाचांतल्या दोन मराठी माणसांपैकी एकाच्या सोलापुरातील घराचे स्मारक झाले, त्याच्यावर चित्रपट निघाला, दोन्ही देशांनी त्याची टपाल तिकिटे काढली. दुसऱ्याचे नाव आपल्या घरांतही क्वचितच निघते. उतारवयात, घरदार आणि दवाखाना मागे ठेवून, बाँबवर्षावाखालच्या परदेशात जाणे हे धाडस तरुणाच्या धाडसापेक्षा लहान नव्हते. ते जिवंत परतले, एवढेच त्यांच्या विस्मरणाचे कारण.

हे मी बेल्याच्या वाचकांना का सांगतो आहे? कारण संबंध राखणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. १९५६ मध्ये राज्ये नव्याने आखली गेली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. पैनगंगा तीच, पलीकडचे सोयरेही तेच, फक्त मधे राज्याची हद्द आली. आधी आंध्र प्रदेश, मग २०१४ पासून तेलंगणा, कचेरीच्या पाट्या बदलत गेल्या. तरी लग्नाची पत्रिका नदी ओलांडून जाते, दिवाळीला माहेरवाशीण नदी ओलांडून येते. आपला धागा टिकला तो सणावारांच्या, देण्याघेण्याच्या, एकमेकांच्या कामाला येण्याच्या रिवाजाने. त्या पाच डॉक्टरांना असा आयता रिवाज नव्हता. नाव, रोजनिशी, समिती, विद्या, ९ डिसेंबरची तिथी, असे एकेक करून त्यांना तो घडवावा लागला.

आता आपल्या घरांतूनही मुले-मुली दूरदेशी जातात. कोणी नोकरीला, कोणी परिचारिका म्हणून, कोणी सैन्यातून शांतिसेनेत. त्यांतले अनेक परत येतात, शेती सांभाळतात, दुकान टाकतात, आणि महिन्याभरात आपण त्यांना कापसाचा भाव विचारू लागतो. तिथे कोण सोबत होते, आता ते कुठे आहेत, पत्र किंवा फोन होतो का, हे विचारायचे राहून जाते. घरात अशी कोणाची जुनी पत्रे, पारपत्र, एखादा गटाचा फोटो असेल, तर फोटोच्या मागे नावे लिहून घ्या. ती सांगू शकणारा माणूस अजून ओट्यावर बसलेला आहे तोवरच हे काम होईल. येत्या वर्षी आपल्या मंडळाने अशी पत्रे आणि नावे एका वहीत उतरवून घ्यावीत, एवढी विनंती करून मी थांबतो.