उतारवयातले स्वास्थ्य आणि गैरहजेरीची दखल

म्हातारपणी माणसे जवळ हवीत, याबद्दल कुणाचे दुमत नसते. पण ती कोणती आणि कशासाठी, हा प्रश्न आला की चर्चा कुटुंबावर येऊन थांबते. मुलगा सांभाळतो का, सून विचारते का, एवढ्यावरच ती अडते. येथे विचार करायचा आहे तो घराबाहेरच्या नात्यांचा. शेजार, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, पारावरची बैठक, रोजचा वाणी आणि दूधवाला ही ती नाती. माझे प्रतिपादन असे की या नात्यांचे मोल त्यांच्या संख्येने किंवा त्यांतल्या जिव्हाळ्याने पुरते ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते. माणूस आला नाही तर ते किती लवकर कुणाच्या लक्षात येते? आणि आला तर त्याच्या वाट्याला काही काम असते का?

नात्यांचा आयुर्मानाशी संबंध असतो, हे आता अंदाजावर सोडलेले नाही. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात १९६५ साली ६,९२८ प्रौढांची पाहणी झाली. पुढल्या नऊ वर्षांत त्यांच्यापैकी कोण गेले, याचा अभ्यास करून लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. विवाह, आप्त-मित्र, धर्मसंस्था आणि इतर मंडळे या चारही बाजूंनी ज्यांचे संबंध सर्वांत तुटपुंजे होते, त्या पुरुषांचा मृत्युदर भरपूर संबंध असलेल्यांच्या २.३ पट आणि स्त्रियांचा २.८ पट निघाला. वयाचा फरक यात आधीच वजा केलेला होता. धूम्रपान, मद्यपान, आर्थिक स्थिती यांचा हिशेब केल्यावरही संबंध पुसला गेला नाही. २०१० मध्ये ज्युलियान होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती आणि निष्कर्षाची दिशा तीच राहिली.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कदाचित कारण आणि परिणाम उलटे असतील. आधी गुडघा जातो, मग देऊळ सुटते. आणि आपण म्हणतो, देऊळ सुटले म्हणून प्रकृती ढासळली. सुरुवातीची प्रकृती गणितात धरल्याने ही शंका कमी होते, पण पूर्ण जात नाही. म्हणून ज्यात माणसांची निवड नसून परिस्थितीच वेगळी होती, असे उदाहरण पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. बळी पडलेल्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी नॉर्थ लॉन्डेल आणि साउथ लॉन्डेल या लगतच्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरीब आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण साधारण सारखे, ऊनही तेच. तरी पहिलीत मृत्युदर लाखामागे ४० होता, दुसरीत ४. नॉर्थ लॉन्डेलमध्ये कारखाने आणि दुकाने बंद पडून रस्ते ओस पडले होते, आणि म्हातारी माणसे भीतीने दार लावून बसत. साउथ लॉन्डेलमध्ये दुकाने आणि पदपथ सतत गजबजलेले असत. त्यामुळे म्हातारा बाहेर पडत होता, थंड दुकानात टेकत होता आणि ओळखीच्या नजरेत राहत होता. त्याला ओळखणारे दुकानदार काही त्याचे जिवलग नव्हते. या उदाहरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. शिवाय एकट्या राहणाऱ्यांत वृद्ध स्त्रिया अधिक असूनही मृत्यू पुरुषांचे अधिक झाले. आयुष्यभर ओळखीपाळखी राखण्याचे काम बायकोवर सोडलेला पुरुष तिच्यामागे किती उघडा पडतो, हे आपल्याकडेही पाहायला मिळते.

एकटे वाटणे आणि संपर्क नसणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. अँड्र्यू स्टेप्टो आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ५२ वर्षांवरच्या सुमारे ६,५०० व्यक्तींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. आधीची प्रकृती व इतर बाबी जमेस धरल्यावर संपर्काच्या अभावाचा मृत्यूशी असलेला संबंध टिकला, एकटेपणाच्या भावनेचा टिकला नाही. भावना क्षुल्लक आहे, असा याचा अर्थ नव्हे. झोप, उमेद आणि मनःस्थिती तिच्यावरच अवलंबून असतात. पण ‘मला काही एकटे वाटत नाही’ असे सांगणारे आजोबाही धोक्यात असू शकतात. न्हाणीघरात पाय घसरला, तर त्यांना काय वाटत होते याने फरक पडत नाही. सकाळी कुणी हाक मारते का, याने पडतो.

दुसरी कसोटी कामाची. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षांचा अभ्यास मांडला. शेजाऱ्यांना, मित्रांना, नातेवाइकांना हातभार लावणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. नुसती मदत घेण्याचा तसा लाभ दिसला नाही. आपल्या सेवाभावी कार्यक्रमांत नेमके याच्या उलट चालते. वृद्धांना खुर्चीत बसवून शाल-श्रीफळ द्यायचे आणि घरी सोडायचे.

या दोन्ही कसोट्या लावल्या तर गावातले भजनी मंडळ फार भक्कम व्यवस्था ठरते. वार ठरलेला, जागा ठरलेली. पखवाज एकाकडे, पेटी दुसऱ्याकडे, चाल धरणारा तिसरा. पखवाजवाला आला नाही तर भजनच अडते. मग कुणीतरी उठून त्याच्या घरी जातो. आवाज गेलेल्या म्हाताऱ्यालाही टाळ धरता येतो आणि नव्या पोरांना चाल सांगता येते. मैत्री असो वा नसो, हजेरी लागते. ज्येष्ठ नागरिक संघांनी शहरात हेच काम निराळ्या रीतीने केले. त्यांची राज्यव्यापी संघटना, फेस्कॉम, १९८० पासून कार्यरत आहे. मात्र ज्या संघाचा कार्यक्रम व्याख्यान ऐकणे, वाढदिवस साजरे करणे आणि वार्षिक सहल एवढाच असतो, तिथे सभासद श्रोता होऊन राहतो आणि हळूहळू गळतो.

समूहाचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जो समूह दखल घेतो, तोच वगळतोही. पार कुणाचा आणि पंगत कुणाची, हे जातीने ठरत आले. देशातल्या साठीपुढच्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा आहेत. हळदीकुंकवाचा समारंभ बायकांना एकत्र आणतो आणि विधवांना दारात थांबवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. त्याकडे सामाजिक सुधारणा म्हणून पाहिले गेले. मी त्याला वृद्धांच्या आरोग्याचा निर्णयही म्हणेन.

कोकणात प्रश्न वगळण्याचा नाही, माणसे उरण्याचा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. वाडीतली निम्मी घरे गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूपबंद. शेवटच्या घरातल्या आजींना मुंबईहून रोज फोन येतो. पण फोन उचलला नाही तर मुलाने कुणाला विचारायचे? शेजारचे घर बंद असेल तर मुलाची काळजी कितीही खरी असली तरी ती आजींपर्यंत पोचत नाही.

मुंबईत हाच प्रश्न इमारतीच्या रचनेतून येतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरांत जात आहेत. सामाईक संडासापर्यंत रात्री चालत जाणाऱ्या वृद्धाला घरातच संडास मिळणे ही मोठी सोय आहे, आणि चाळीच्या आठवणींपायी तिला नाक मुरडणे अन्यायाचे होईल. पण चाळीच्या गॅलरीत जी दखल आपोआप घेतली जायची, ती उंच इमारतीत घेतली जात नाही. लिफ्टमधून उतरून थेट दारात जाणारा माणूस दुसऱ्या कुणाचे दार ओलांडत नाही. म्हणून पुनर्विकासाच्या आराखड्यात मजल्यागणिक बसायची जागा आणि तळमजल्यावर दुकाने असावीत, आणि एका गॅलरीतली वृद्ध कुटुंबे शक्यतो एकाच मजल्यावर ठेवावीत. पार्किंगच्या चौकशीइतक्याच आग्रहाने रहिवाशांनी हे मागितले पाहिजे.

शासनाच्या योजनांकडेही याच नजरेने पाहता येईल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. हिशेबात तो सवलतीचा खर्च म्हणून दिसतो. पण बाजारच्या दिवशी तालुक्याला जाणारी, बहिणीला भेटून संध्याकाळी परतणारी म्हातारी त्या तिकिटावर आपला संपर्क टिकवून असते. त्या मार्गावरची फेरी बंद झाली तर सवलत कागदावर राहते आणि ती घरात. फेरी चालू ठेवायची की नाही हे ठरवताना उत्पन्नाबरोबरच पंचाहत्तरीपुढचे किती प्रवासी त्या गाडीने जातात, हा आकडाही आगारप्रमुखाच्या टेबलावर असला पाहिजे.