चार आण्यांचा ध्वज

डिसेंबर उजाडला की आमच्या शाळेत एक जाड पाकीट यायचं. त्यात कागदाचे इवलेसे ध्वज असायचे. लाल, गडद निळा आणि आकाशी असे तीन पट्टे. भूदल, नौदल, हवाई दल. गुरुजी चार आणे घेऊन ध्वज हातावर ठेवायचे. टाचणी मात्र आपापल्या घरून आणायची.

7 डिसेंबरला शाळेत कार्यक्रम व्हायचा आणि पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दरवर्षी एकच माणूस बसलेला असायचा, आमचे फौजीकाका. 1971 च्या लढाईत सुरुंगावर पाय पडून त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्यांना शाल आणि नारळ मिळायचा, टाळ्या व्हायच्या आणि 8 तारखेला सकाळी ते पुन्हा आपल्या घड्याळदुरुस्तीच्या टपरीत, डोळ्याला भिंग लावून. टपरी आमच्या मशिदीच्या भिंतीला लागून होती. मशिदीतलं घड्याळही तेच लावून द्यायचे. त्यामुळे आमच्या मोहल्ल्याची नमाज एका फौजीच्या वेळेवर चालायची, असं अब्बा कौतुकाने म्हणत.

काकांच्या पेन्शनच्या कागदात नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त व्हायला सात वर्षं लागली. त्यांचे अर्ज आधी अब्बा लिहून द्यायचे, मग ते काम माझ्याकडे आलं. लोक मला कवी म्हणून ओळखतात, पण माझं पहिलं गद्य म्हणजे ते अर्ज. ‘सविनय निवेदन’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की आजही पत्र लिहायला बसलो की हात आपोआप तिकडे वळतो.

पुढे बी. ए. ला इतिहास घेतला. लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. लढाई संपल्यावर शिपाई घरी जाऊन काय करतो, याचा एकही प्रश्न परीक्षेत आला नाही. मग मी आपला फावल्या वेळात शोधत राहिलो.

पहिल्या महायुद्धात तेरा लाखांहून अधिक हिंदी माणसं सरकारच्या कामी गेली. सुमारे चौऱ्याहत्तर हजार परतली नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावातली 46 माणसं त्यात होती. सरकारने गावात स्मारक उभं केलं. गावाचं नावच पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं. मेलेल्यांसाठी दगड उभा राहतो. तो एकदाच उभा करावा लागतो आणि तो पेन्शन मागत नाही. हे थोडं कडवट झालं, पण अर्ज लिहिलेल्या माणसाला एवढा कडवटपणा माफ असावा.

परतलेल्यांचं काय, हा प्रश्नही काही लोकांना तेव्हाच पडला होता. 1917 साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने जायबंदी हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी यांच्या नावाने एक तंत्रशाळा निघाली. हात किंवा पाय गेलेल्या शिपायाला पोटापुरता हुन्नर शिकवून गावी पाठवायचं, हा तिचा उद्देश. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. विलिंग्डन साहेबांच्या राजवटीबद्दल कोणाचं काहीही मत असो, आणि माझंही फारसं चांगलं नाही, पण या शाळेमागचा विचार पक्का होता. माणसाला हार घालण्याआधी हाताला काम द्यावं. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. काकांचा पाय तिथलाच. पावसाळ्यात तो कुरकुरायचा, तेव्हा ते त्याला घड्याळाचं तेल लावायचे.

आता त्या ध्वजाकडे येतो. इंग्रजांच्या राज्यात 11 नोव्हेंबरला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं त्या तारखेला, कागदी अफूची लाल फुलं विकली जायची. पैसा माजी सैनिकांसाठी, पण त्याचा हिशेब साहेबाच्या हाती. शेजारच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, यावरून मोठी गंमत झाली. फुलांचा बराचसा पैसा विलायतेत जातो आणि इथल्या शिपायांच्या वाट्याला फार थोडा येतो, हे पाहून तिथल्या माजी सैनिकांच्या एका संघटनेने 1931 मध्ये त्याच दिवशी दुसरं फूल विकायला काढलं. सुरियाचं फूल, म्हणजे आपल्या कोकणातल्या भेंडीच्या झाडाचं पिवळं फूल. दोन वर्षांनी डाव्या विचारांच्या तरुणांनी ते हाती घेतलं आणि त्याची साम्राज्यविरोधी चळवळ झाली. कुंपणाला लावतात त्या झाडाच्या फुलाने साम्राज्याला हिशेब विचारला! मी कवी असल्याने मला ही हकीकत तहापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे तो हिशेब स्वातंत्र्यानंतर बदलला. 28 ऑगस्ट 1949 रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवलं की 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळायचा. फुलाच्या जागी ध्वज आला. या निधीतून माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या कुटुंबांना मुलांचं शिक्षण, मुलीचं लग्न, आजारपण अशा गोष्टींसाठी मदत मिळते. जिल्ह्याजिल्ह्यांतली सैनिक कल्याण कार्यालयं ही कामं बघतात. निधी जमवण्याचं उद्दिष्ट जिल्हाधिकाऱ्यांना दिलेलं असतं; त्यामुळे सरकारी कचेऱ्यांत डिसेंबरमध्ये थोडी धावपळ असते. ती धावपळ मला आवडते. भाषणाचा हिशेब कोणी ठेवत नाही, पावतीचा ठेवावा लागतो.

मदत वेळेवर पोचली तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या सांगली जिल्ह्यातलंच आहे. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले. आधी बॉक्सर असलेला हा माणूस उपचार म्हणून पाण्यात उतरला आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय. पुण्यात टेल्कोत नोकरी करून त्यांनी संसार केला. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, पदकानंतर 46 वर्षांनी. 2024 मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, तेव्हा आमच्या घरातल्या पोरांना त्यांचं नाव कळलं. नोकरी नसती आणि नुसती पद्मश्रीची वाट पाहायची असती तर?

काकांना एकदा मी विचारलं होतं, “कार्यक्रमाला जाता तेव्हा बरं वाटतं का?” भिंग न काढता म्हणाले, “वाटतं की. पोरं सलाम करतात, तेव्हा पाय असल्यासारखं वाटतं. पण बाबा, शाल किती घ्यायच्या? त्यापेक्षा एखाद्याने पेन्शनच्या कचेरीत माझ्यासोबत यावं. तिथे रांगेत उभं राहायला दोन पाय लागतात.”

त्या दिवसापासून मी सोबत जाऊ लागलो. कचेरीत फार काही करायचं नसे. मी रांगेत उभा राहायचो आणि काका बाकावर बसायचे. सातव्या वर्षी ते अक्षर दुरुस्त झालं, तेव्हा त्यांनी कचेरीतल्या शिपायाचं बंद पडलेलं घड्याळ तिथेच बाकावर बसून चालू करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

ते गेले त्या हिवाळ्यात काकूंनी ट्रंक उघडली. त्यात एकोणीस शाली निघाल्या, घड्या न मोडलेल्या. काकूंनी त्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना वाटल्या. एक आमच्या अम्मीला आली. हिरव्या काठाची. फजरच्या नमाजाला उठली की अम्मी तीच पांघरायची.