गिअर केव्हां बदलावा?

घिवलीसारख्या सपाट, समुद्रकांठच्या गांवीं सायकलीला गिअर कशाला हवेत, असा प्रश्न सहज मनांत येतो. घाट तेथें नाहीं. पण दुपारीं बोईसरकडून किनाऱ्याकडे निघालेल्या स्वारास समोरून खारा वारा भेटला, म्हणजे सपाट रस्ताहि चढासारखा वाटूं लागतो. अशा वेळीं गिअरची विद्या कामास येते. या विद्येचा इतिहास यंत्रापेक्षां मानवी अभिमानाचाच अधिक आहे, असें आम्हांस वाटतें.

मूळ तत्त्व साधें आहे. पुढच्या चक्राला ४८ दांते व मागच्याला १६ असले, तर पेडलांच्या एका फेऱ्यांत मागचें चाक तीनदां फिरतें. मागें २४ दांते घेतले, तर दोनदांच. अंतर कमी कापलें जातें, पण पायांवरचा भारहि हलका होतो. फ्रान्समधील सेंत-एत्येन शहराचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनीं याच तत्त्वाचा आयुष्यभर पुरस्कार केला. उलट 'टूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांस गिअर म्हणजे दुबळ्यांची कुबडी वाटे. ते स्वतः पट्टीचे स्वार. १८९३ सालीं त्यांनीं एका तासांत ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर कापलें होतें. १९०३ मध्यें सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतींत धंदेवाईक स्वारांस साखळी सरकविणारें यंत्र वर्ज्य होतें. १९३६ त देग्रांज कारभारांतून दूर झाले आणि १९३७ त ही बंदी उठली.

तोंवर मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस निरनिराळ्या दांत्यांचीं चक्रें असत. चढ आला कीं स्वारानें उतरावें, चाक काढावें व उलटें बसवावें. लवकर उतरला, तर सपाटीवर मागें पडे. उशीर केला, तर पाय आधींच गळालेले असत. नेमका क्षण ओळखणें हीच त्याची खरी कसोटी होती.

१९८४ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें 'टक्' आवाजासरशी साखळी नेमक्या चक्रावर नेणारी योजना आणली. हाताचें काम सोपें झालें. निर्णय मात्र स्वाराकडेच राहिला. खोपोलीहून बोरघाट चढणारानें पाय जड होण्यापूर्वींच, साखळीवर ताण कमी असतांना, गिअर उतरवावा. गाडी मंदावली तरी चालेल. पायांची लय मोडूं नये. भर चढावर जोर लावीत गिअर बदलूं पाहणाऱ्याची साखळी कुरकुरते, प्रसंगीं निसटतेहि.

आपली शक्ति संपण्याआधीं तिची मर्यादा ओळखणें यांत कमीपणा नाहीं. एवढें मान्य व्हावयास त्या शर्यतीला चौतीस वर्षें लागलीं.