दृक्प्रत्यय आणि पोथीचे समास

गणित प्रमाण कीं आकाश प्रमाण, हा वाद जुना आहे. कोंकणांतील नांदगांवच्या केशव दैवज्ञांनीं शके १४१८ (इ. स. १४९६) च्या सुमारास ग्रहकौतुक रचिलें. सिद्धान्तांवरून येणारे ग्रह त्यांनीं वेधांशीं ताडून पाहिले व अंतर आढळलें तेथें अंक सुधारले. विशेष हें कीं, पुढेंही अंतर पडेल, तेव्हां भावी गणकांनीं पुन्हां वेध घ्यावे, असें त्यांनींच टीकेंत नमूद केलें. ज्ञान दिलें, निश्चयाचा हक्क सांगितला नाहीं. पुत्र गणेशाचें ग्रहलाघव (शके १४४२) त्याच मार्गाचें. पण आमच्या पंचांगकर्त्यांनीं तेंच शतकानुशतकें अढळ धरिलें! म्हणून संग्राहकांस विनंती कीं, ज्योतिषपोथीच्या समासांत निराळ्या हातचे अंक दिसल्यास ते लेखकदोष समजून गाळूं नयेत. कोणा गणकाचे ते वेध असूं शकतील.